साक्षीची बादली

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार, आणि त्याच्या पाठोपाठ तक्रार. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता. पत्राला निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

रंगखान्यातला तापमापक बिघडलाय. तोच तुमच्या वेळचा, काचेचा, पितळी टोपीचा. सोमवारी मी रोजच्यासारखं निळीच्या पिंपात मनगट बुडवलं तर पाणी चांगलं कढत. तापमापकाची कांडी बघितली तर ती चाळिसाच्या जरा खालीच, शहाण्यासारखी. मालकीणबाईंना म्हटलं, ही म्हातारी झाली, हिला आता पेन्शनीत काढा. त्यांनी नवी आणली. नवीही तेच बोलते. दोघींनी मिळून माझ्याविरुद्ध कट केलेला दिसतोय.

मनगट तुम्हीच शिकवलंत मला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, आपल्या स्वयंपाकघरात, ओट्यावर पातेलं ठेवून. "तान्ह्या बाळाच्या अंघोळीपेक्षा जरासंच ऊन," म्हणाला होतात. पुढे तुम्ही रंगखाना सोडलात आणि तुमच्या जागी पिंपापाशी मी उभी राहिले, त्याला या मार्चमध्ये चौदा वर्षं होतील. इतक्या वर्षांत मनगट आणि कांडी यांच्यात कधी अर्ध्या अंशाचं भांडण झालं नव्हतं.

आणि हे नेमकं आत्ताच व्हायचं होतं. नाट्यगृहाच्या नव्या पडद्याचं सूत आलंय. तीनशे साठ लडी, नऊ खेपांत रंगवायच्या, आणि सगळ्या एकाच निळ्यात. एक खेप फिकी पडली तर पडद्यावर पट्टा उठेल आणि नाटक सोडून लोक तोच बघत बसतील.

बाकी मी मजेत. बाहेर एवढी थंडी आहे की बायका रंगखान्यात कोट घालून बसतात, आणि मी खिडकी उघडली की माझ्याकडे वाईट नजरेनं बघतात. स्वप्नं फार पडतात, जागेपणीसुद्धा. लड पिंपातून वर येते तेव्हा हिरवट-पिवळी असते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते, हे तुम्हाला काय सांगायचं. परवा ते बघत मी इतका वेळ उभी राहिले की शेजारची विणकरीण म्हणाली, "बाई, लड वाळली, आता तू वाळशील." मला वाटत होतं मी त्या हिरव्या आणि निळ्याच्या मधे कुठेतरी राहून गेले आहे, आणि तिथे छान गार आहे.

शब्दही हरवतात. काल "चाळणी" हा शब्द सकाळपासून सापडेना. दुपारपर्यंत मी "ते भोकांचं" म्हणत काम भागवलं.

तुमच्या वेळी कांडी कधी खोटं बोलली होती का?

तुमची,
निळू

•

११ फेब्रुवारी

निळू,

कांडी खोटं बोलत नाही. तिला बोलून मिळवायचं काय आहे? तुम्ही लोक साप साप म्हणून भुई धोपटत बसता आणि बिचारी नवी कांडी विकत आणता.

झोप पुरी घे. चहा कमी कर, तू तो पिंपानं पितेस. लोहाच्या गोळ्या घे. मन कामात असलं की अंग गप्प बसतं, हा माझा अनुभव. खिडक्या उघडत फिरू नकोस, सर्दी होईल.

माझ्या वेळचं विचारू नकोस. मी रंगखाना का सोडला ते तुला ठाऊक आहे. अ‍ॅप्रनवरून मालकीणबाई चार लोकांत मला नको ते बोलल्या, मी अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि निघाले. त्यात कांडीचा काही संबंध नव्हता.

इथे तळ्यावर धुकं इतकं उतरतं की वाचनालयाच्या दारातून पायरी दिसत नाही. माणसं एकदम पुस्तकासकट धुक्यातून उगवतात. काल एक गृहस्थ पुस्तक परत करायला आले ते कुणा दुसऱ्याच वाचनालयाचं होतं. मी ते ठेवून घेतलं.

माझ्या भावाला सांग, माझ्या चष्म्याची डावी काडी ढिली झाली आहे. स्वतःची बहीण सोडून सगळ्या गावाचे चष्मे बघतो.

वन्सं

•

२ मार्च

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. पडद्याच्या कामात होते. काम छान चाललंय. पिंप छान आहे. मीही छान आहे.

कांडीचं तुम्ही म्हणालात ते पटलं. ती खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलतंय, एवढाच प्रश्न उरतो, आणि पिंपापाशी आम्ही दोघीच असतो.

लोहाच्या गोळ्या घेते. चहा सोडला. मग रडू का येतं ते तेवढं कळत नाही. परवा यांनी माझा कप विसळून पालथा घालून ठेवला, एवढंच. तो पालथा कप बघून मी अर्धा तास रडले. यांनी घाबरून तो सुलटा केला, तर आणखी रडू आलं.

एक विचारू का, बायकांच्या गोष्टी पत्रात लिहाव्यात की नाही ठाऊक नाही. पाळी डिसेंबर-जानेवारीत आलीच नाही. मी शेहेचाळीसची, मनात नको नको ते आलं, चाचणी केली, तसं काही नव्हतं. मग फेब्रुवारीत आली ती अशी आली की दोन दिवस घराबाहेर पडता येईना. मधेच गळ्यापासून वर काहीतरी पेटत जातं, कानाच्या पाळ्यांपर्यंत. पाच मिनिटांत विझतं आणि मग ओल्या अंगानं मी कुडकुडते. छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं. माझ्या आजीला म्हातारपणी वेड लागलं होतं असं घरात कुजबुजत म्हणायचे. तिची सुरुवात कशी झाली होती, हे विचारायला आता कुणी उरलं नाही.

पिंप कुणाकडे तरी सोपवून टाकावं असं वाटतं. हे असंच आपलं मनात येतं, फार मनावर घेऊ नका.

धुकं अजून आहे का तिथे? मला हल्ली तुमच्या तळ्याची स्वप्नं पडतात. मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी असते, पाणी निळं असतं, आणि ते ऊन आहे की गार आहे हे काही केल्या कळत नाही.

निळू

•

९ मार्च

ताई,

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. तुझी काडी सोबत पाठवतोय, स्क्रू कागदात गुंडाळलाय, हरवू नकोस.

निळूचं मला काही कळेनासं झालंय. पहाटे उठून बघतो तर ही गार फरशीवर, उशी न घेता. विचारलं तर "काही नाही." मी काही केलं का, विचारलं तर "नाही." मग काय झालं, तर "विचारू नका." मी दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावतो आणि घरात एवढं मोठं लिहिलेलं मला वाचता येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुला तिनं कळवलं नसेल म्हणून सांगतो. पंचवीस फेब्रुवारीला पडद्याची पाचवी खेप बिघडली. पाणी फार तापलंय म्हणून तिनं त्यात गार पाणी ओतलं, आणि चाळीस लडी मळक्या आकाशासारख्या निघाल्या. पिंपही तेव्हापासून थंड पडलंय, रंग देत नाही. मालकीणबाई तिला काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिंपाला घोंगड्या गुंडाळल्या आणि म्हणाल्या, थांबू या. पण हिनं मनाला लावून घेतलं. काल मला जुन्या चष्म्याच्या घरात चौघडी घातलेला कागद सापडला. राजीनामा. खाली एकतीस मार्चची तारीख घातलेली आहे.

रागावू नकोस, पण एक सांगतो. तुझं पत्र तिनं मला वाचून दाखवलं होतं. कांडी खोटं बोलत नाही, असं तू लिहिलंस. त्या दिवसापासून ती स्वतःलाच खोटी समजायला लागली आहे. ज्या हातानं चौदा वर्षं कमावलं त्या हाताकडे ती आता परक्यासारखी बघते. तुझ्या शब्दाला या घरात केवढं वजन आहे, ते तुला तिकडे बसून कळत नाही.

काय करू ते सांग. ती तुझंच ऐकेल.

तुझा भाऊ

•

१३ मार्च

निळू,

बस आणि वाच. मधे उठू नकोस.

मी खोटं बोलले. कांडीबद्दल नाही, माझ्याबद्दल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी ती इतकी वर्षं झाकून ठेवली आणि शेवटी तीच मूठ तुझ्या तोंडावर मारली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं. म्हणून तर तुला चहा कमी कर असं लिहिलं.

मी तेव्हा सत्तेचाळीसची होते. मार्च होता. मनगट पाण्यात घातलं आणि मला वाटलं, पिंप उकळायला लागलंय. कांडीकडे बघायचा मला तेव्हा अपमान वाटायचा. कांडी नवशिक्यांसाठी, मी मनगटवाली. मी एकामागून एक अकरा तांबे गार पाणी ओतलं. अकरा, निळू, मी मोजले होते. संध्याकाळपर्यंत पिंपावरचा तांबूस तवंग गेला, फेस गेला, वास गेला. ते पिंप मालकीणबाईंच्या आईच्या वेळचं होतं. त्यातली नीळ दह्याच्या विरजणासारखी एका बाईनं दुसरीला जपून दिलेली होती. ते माझ्या हातून मेलं.

मला ते सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई सहज म्हणाल्या, "अ‍ॅप्रन धुवायला टाक गं, किती डाग पडलेत." एवढंच. मी त्यावरून आकाशपाताळ एक केलं, चार लोकांत रडले, अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि बाहेर पडले. पिंपाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. तुला माझ्या जागी घेतलं तेव्हा मी समजून चालले की त्यांनी नवं पिंप लावलं असेल. तुला विचारायची मला भीती वाटायची.

पुढची तीन वर्षं मी इथे धुक्यात अशीच पेटत आणि विझत काढली. हृदयविकार झाला असं मानून एकदा मृत्युपत्रही करून ठेवलं. तुला मी चांदीचा तांब्या ठेवला होता. मग छातीतलं पाखरू फारच फडफडलं म्हणून इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं. मग मला जे सांगितलं त्याला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांच्या गोष्टीसाठी मी बावीस वर्षांचं काम टाकून आले होते.

त्या म्हणाल्या, पाळी एका दिवसात जात नाही. जायच्या आधी ती काही वर्षं घुटमळते. बीजकोशातून येणारी हार्मोन्स कधी भरपूर येतात, कधी येतच नाहीत, त्यांचं वेळापत्रक कोलमडतं. आपल्या मेंदूत एक कांडी असते, अंगाचं तापमान राखणारी. ती या दिवसांत फार हळवी होते. जराशा फरकानं तिला वाटतं, आग लागली. मग ती सगळी दारं उघडते, घाम फोडते, रक्त कातडीकडे पळवते. आग कुठेच नसते. तेव्हा तुझं मनगट खोटारडं नाही, निळू, आणि वेडंही नाही. त्याला जे खरंच जाणवलं तेच त्यानं सांगितलं.

पण मी डॉक्टर नाही, मी वाचनालयातली बाई आहे. माझ्या पत्रावर विसंबू नकोस. दोन दिवस घराबाहेर पडता येत नाही इतकं जातं, हे तर लगेच दाखवायला हवं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, त्या सांगतील ते सगळं कर. मला ज्या गोळ्या दिल्या त्या तुला चालतील असं नाही, म्हणून नावही लिहीत नाही. आणि माझ्या भावाला बरोबर ने. त्यालाही कळू दे, कप पालथा होता म्हणून तू रडली नव्हतीस.

एकतीस मार्चच्या आत मला लिही. तो चष्म्याच्या घरातला कागद मला ठाऊक आहे. मी तसा कागद लिहिलासुद्धा नव्हता, नुसतीच पळाले. तू पळू नकोस.

तुझी वन्सं

•

२७ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मी पिंपापाशी स्टुलावर बसून वाचलं. मधे एकदाच उठले, खिडकी उघडायला. ती तेवढी माफ करा.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हे बरोबर होते. बाईंनी मला विचारलं, केव्हापासून होतंय, तर मी म्हटलं, फेब्रुवारीपासून. हे मधेच म्हणाले, "नाही, मागच्या पावसाळ्यापासून. तेव्हापासून ती चादर पायानं लाथाडते." मी यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे ते वाचत होते सगळं, फक्त अर्थ लागत नव्हता.

हिमोग्लोबिन खाली गेलंय, तुमच्या लोहाच्या गोळ्या अगदीच वाया गेल्या नाहीत. थायरॉईड बरं आहे. सोनोग्राफी झाली, काळजीचं काही नाही. अंगावरून जास्त जातं त्यावर औषध दिलंय. हार्मोनच्या गोळ्यांचंही बोलणं झालं. त्या काहींना फार उपयोगी पडतात, काहींना चालत नाहीत, माझ्या घराण्यात कुणाला काय झालं होतं ते विचारून घेतलं. आधी तीन महिने बाकीचं करून बघू, मग ठरवू असं म्हणाल्या. बाकीचं म्हणजे रोज चालणं, थोडं वजन उचलणं, हाडांसाठी दूध-तीळ-ऊन, अंगावर एकाच जाड कपड्याऐवजी दोन पातळ सुती, म्हणजे एक काढता येतो. आणि पाळी अजून गेलेली नाही तेव्हा निष्काळजी राहू नका, असंही दोघांकडे बघून म्हणाल्या. हे छताकडे बघायला लागले.

आजीचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आजीला काय झालं होतं ते आता कुणी सांगू शकत नाही, पण तुम्हाला जे होतंय ते वेड नाही. मी तिथे खुर्चीत बसून रडले. आजीसाठीच रडले बहुधा. तिला कुणी दहा मिनिटं दिली नसतील.

झळ आली की वेळ लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलंय. घरात हाताशी कोरा कागद नव्हता म्हणून मी चष्म्याच्या घरातला काढला. एका बाजूला राजीनामा, दुसऱ्या बाजूला झळांची यादी. यादी संपली तेव्हा लक्षात आलं की हा कागद आता कुणाला देता येणार नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

आता पिंपाचं. मनगट सोडून फक्त कांडीवर काम करायचं, हे मला जमेना. कांडी ऊन-गार सांगते, पण पाणी नीळ देणार की नाही हे मनगटालाच कळतं. म्हणून मी एक केलंय. पिंपाशेजारी पाण्याची एक बादली ठेवते. कांडी लावून तिचं पाणी बरोबर जितकं हवं तितकं कोमट करते. आधी मनगट बादलीत घालायचं. बादली कढत वाटली, तर आग माझ्यात आहे. मग लुगड्याचा पदर ओला करून मानेवर घ्यायचा, दोन खोल श्वास, झळ ओसरू द्यायची, आणि मगच पिंपात हात. बादली कोमट वाटली आणि पिंप कढत, तर आग पिंपात आहे. बायका तिला साक्षीची बादली म्हणायला लागल्यात. काल विणकरीण आली, बादलीत मनगट घातलं आणि तिथेच उभी राहिली. ती पन्नाशीची आहे. मग हळूच म्हणाली, "मलाही कढत लागतंय गं."

हे सगळं मी मालकीणबाईंना सांगितलं, माझ्यापुरतं. तुमचं नाही सांगितलं. पण बोलता बोलता त्यांनी खुंटीकडे बघितलं. तिथे एक अ‍ॅप्रन आहे, मी आले तेव्हापासूनच आहे, मला वाटायचं जादाचा असेल. तो तुमचा आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्या वन्संना मी त्या दिवशी काय बोलले असेन, ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही. अ‍ॅप्रन धू म्हटलं एवढंच आठवतं. पण तेवढ्यावरून कुणी बावीस वर्षांचं काम सोडतं का? मी नक्की काहीतरी लागेल असं बोलले असणार." चौदा वर्षं त्या ते वाक्य शोधतायत, वन्सं. जे त्या बोलल्याच नव्हत्या.

 ते सांगायचं काम माझं नाही.

आणि आता तुम्ही बसा. मधे उठू नका. मी त्यांना विचारलं, पिंपाला घोंगड्या गुंडाळून थांबायचं, हे तुम्हाला कसं सुचलं? त्या म्हणाल्या, हे पहिल्यांदा नाही. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात पिंप असंच थंड पडलं होतं. त्यांना वाटलं, चुलीतला विस्तव आपणच विझू दिला. त्यांनी त्याला घोंगड्या गुंडाळल्या, खाली मंद विस्तव ठेवला, मूठभर कोंडा घातला, आणि थांबल्या. नवव्या दिवशी सकाळी फेस आला होता.

पिंप मेलं नव्हतं, वन्सं. गारठून झोपलं होतं. तेच पिंप आहे. चौदा वर्षं मी त्याच्यातच हात घालते आहे, तुमच्याच पिंपात. आणि यंदाही ते उठलं, अठराव्या दिवशी. बिघडलेल्या चाळीस लडी परत बुडवल्या. हिरवट निघाल्या, हवा लागली, आणि बाकीच्यांसारख्याच निळ्या झाल्या. कुठली खेप कुठली, ते आता मलाही ओळखू येत नाही.

नाट्यगृहाचा पडदा पंधरा मेला लागणार आहे. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या आम्हाला दिल्यात. आम्ही दोघंच आहोत.

तुमची,
निळू

•

४ एप्रिल

निळू,

धुकं गेलं. पायरी दिसते आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वाचनालय उघडलंच नाही. लोक दार वाजवून गेले. पिंप मेलं नव्हतं, एवढी एकच ओळ मी वाचत बसले होते, दिवस मावळेपर्यंत. मी वळून बघितलं असतं तर नऊ दिवसांचा प्रश्न होता. पण त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं की थांब, तरी मी थांबले नसते. तुला थांबता आलं याचा मला फार आनंद आहे, आणि थोडा मत्सरही वाटतो, तो मी लपवत नाही. लपवून काय होतं ते बघितलंय.

तिसरी खुर्ची माझी. पण मी मेपर्यंत थांबणार नाही, सोमवारी निघते. मालकीणबाईंना सांग, अ‍ॅप्रनचं मला त्यांच्याशी बोलायचं आहे. बाकी काही सांगू नकोस, मी सांगेन. त्या रागावल्या तर रागावू देत, त्यांचा तो हक्क आहे. आणि खुंटीवरचा अ‍ॅप्रन धुवायला टाक. किती डाग पडलेत, मला आठवतं.

मी सगळ्यांना सांगत आले की पाणी किती ऊन हवं ते आता माझ्या ध्यानात नाही. आहे.

साक्षीची बादली भरून ठेव. आधी तिच्यातच हात घालीन.

तुझी वन्सं